तावदान फुटल्यावर: पहिल्या अर्ध्या तासापासून लांबी वाळेपर्यंत

खिडकीची काच फुटल्याचा आवाज आला की घरातले सगळे त्या खोलीकडे धावतात, आणि घरात असल्यामुळे बहुतेकांचे पाय अनवाणी असतात. म्हणून पहिले काम काच उचलण्याचे नसून माणसांना दारातच थांबवण्याचे आहे. मुलांना, आणि मांजर किंवा कुत्रे पाळले असल्यास त्यांनाही, दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावून घ्यावे, पंखा बंद करावा आणि जाड तळव्याचे बूट घालूनच आत जावे. रबरी स्लिपरच्या तळव्यातून काचेचे टोक सहज वर येते. साधी काच फुटते तेव्हा तिच्या कपच्या आपण समजतो त्यापेक्षा खूप लांब उडतात, आणि पलंगावरच्या चादरीत, उघड्या कपाटात, खिडकीखाली ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातही जाऊन पडतात. अशा भांड्यातले पाणी किंवा अन्न गाळून वापरण्याचा मोह टाळावा आणि ते सरळ टाकून द्यावे.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याच वेळी आणखी एक गोष्ट करावी. खाली माणूस पाठवून किंवा वॉचमनला फोन करून खिडकीखालची जागा मोकळी करून घ्यावी, कारण चौकटीत अडकून राहिलेला तुकडा कोणत्या क्षणी सुटेल याचा भरवसा नसतो. खाली कोणी नाही याची खात्री होईपर्यंत झडपेला किंवा शटरला हात लावू नये, आणि बाहेर डोकावून नुकसानीची पाहणी करण्याची हौसही आवरावी.

चौकटीतले उरलेले तुकडे काढताना चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. वेल्डिंगवाले वापरतात तसे मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. भांडी घासण्याचे रबरी मोजे किंवा हाताला गुंडाळलेले फडके काचेपुढे टिकत नाही. तुकडे नेहमी वरून खाली काढावेत: आधी वरच्या कडेचे, मग बाजूंचे, शेवटी तळाचे. खालचे आधी काढायला गेले तर वर लटकलेला तुकडा मनगटावर पडतो. काच तडकून जागेवरच उभी असेल, तर तिच्यावर आतल्या बाजूने पॅकिंगची रुंद चिकटपट्टी आडवी-उभी भरपूर लावावी, म्हणजे काढताना ती शंभर ठिकाणी न विखुरता पट्टीला धरून राहते. तुकडा निघत नसेल तर त्याला हिसका देऊ नये. त्याला धरून ठेवणारी लांबी (काच पक्की करायला कडेने भरलेली पुट्टी) किंवा लाकडी पट्टी सैल करावी, मग तो आपोआप हातात येतो.

जमीन झाडण्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण बहुतेक घरांत चूक इथेच होते. मोठे तुकडे मोजे घातलेल्या हाताने रंगाच्या रिकाम्या डब्यात जमा करावेत. उरलेला चुरा झाडण्यासाठी रोजचा मऊ फुलझाडू वापरू नये. काचेच्या बारीक सळया त्याच्या काड्यांत अडकतात आणि दुसऱ्या दिवशी देवघरासमोर किंवा पाळण्याखाली गळून पडतात. टाकून द्यायच्या लायकीची जुनी केरसुणी घ्यावी आणि काम झाल्यावर ती खरोखरच टाकून द्यावी. झाडल्यानंतर ओल्या वर्तमानपत्राने फरशी एकाच दिशेने पुसत न्यावी, आणि फरशीच्या सांध्यांत व चौकटीच्या कोपऱ्यांत मऊ मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचलावा; डोळ्यांना न दिसणारे कण कणकेला चिकटलेले दिसतील. शेवटी दिवे घालवून विजेरी फरशीला टेकवून आडवी धरावी. वरून उजेड टाकला तर काच दिसत नाही, पण जमिनीलगतच्या उजेडात एकेक कण ठिणगीसारखा चमकतो. माझ्याकडे सगळे साफ झाले असे वाटल्यानंतर या पद्धतीने पायपुसण्याच्या धाग्यांत बोटाच्या पेराएवढी सळई सापडली होती, आणि त्या पायपुसण्यावर आम्ही तोवर दहा वेळा उभे राहिलो होतो. पायपुसणी, चादरी आणि पडदे झटकण्याआधी घडी घालून बाहेर न्यावेत. ते तसेच धुलाई यंत्रात टाकले तर काच सगळ्या कपड्यांत फिरते.

फुटलेली काच घंटागाडीत सुटी टाकू नये. आपल्याकडे सुका कचरा बहुतेक ठिकाणी माणसेच हाताने निवडतात. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या स्त्रियांचे हात हेच त्यांचे चरितार्थाचे साधन आहे. तुकडे वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावेत, खोके चिकटपट्टीने बंद करावे, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फुटकी काच’ असे लिहावे आणि खोके त्यांच्या हातात वेगळे देऊन तोंडानेही सांगावे.

कोणाला लागलेच असेल, तर वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. खोल रुतलेला तुकडा घरी उपसू नये. त्याच्या दोन्ही बाजूंना दाब देऊन दवाखाना गाठावा, रक्त थांबत नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

रात्रीपुरती आणि पावसापुरती सोय

नवी काच त्याच दिवशी बसेल असे गृहीत धरू नये. रविवारी काचवाला बंद असतो, आणि पावसाळ्यात सुतार मिळणे हा स्वतंत्र योग आहे. झाकण्यासाठी जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री चौकटीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठी कापावी. ती नुसत्या चिकटपट्टीने लावली तर ओल्या, धुळकट चौकटीवर तासभरही टिकत नाही. चौकट आधी कोरड्या फडक्याने पुसावी आणि लाकडी खिडकी असेल तर प्लास्टिकची कड लाकडाच्या बारीक रिपेभोवती दोनदा गुंडाळून ती रीप चौकटीला लहान चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकावी. असे केल्यावर वारा प्लास्टिक फाडत नाही, कारण ताण एका छिद्रावर न येता सगळ्या रिपेवर वाटला जातो. प्लास्टिकची खालची कड खिडकीच्या उंबऱ्याबाहेर पडेल अशी ठेवावी. ती आत राहिली तर पावसाचे पाणी तिच्यावरून घरंगळत थेट भिंतीत जाते. तळमजल्यावर खिडकीला ग्रील नसेल तर प्लास्टिकऐवजी प्लायवूडचा तुकडा स्क्रूने बसवावा, मग रात्रभर कान टवकारून झोपावे लागत नाही.

काचेला नुसती चीर गेली असेल आणि ती हलत नसेल, तर दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावून काही दिवस काढता येतात. तेवढ्या काळात ती झडप उघडझाप करू नये. चीर वाढतेच, तिच्या गतीचा काय तो प्रश्न असतो.

आधीची काच का फुटली?

चेंडू लागून फुटली असेल तर हा प्रश्न पडत नाही. गल्लीत एकाएकी पसरलेली शांतता पुरेसा पुरावा असते. इतर वेळी मात्र कारण सापडल्याशिवाय नवी काच आणू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मला पैसे मोजून मिळालेले आहे. आमच्या माडीवरच्या सागवानी खिडकीचे डावीकडचे खालचे तावदान एका वर्षात दोनदा तडकले. पहिल्यांदा मी वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्यांदा शेजारच्या बांधकामाच्या हादऱ्यांना. तिसऱ्या काचेसाठी लांबी खरवडताना खाचेच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढे एक गंजके टोक दिसले. कोणे एके काळी तुटलेल्या चुकेचा तो शेंडा होता आणि प्रत्येक नव्या काचेची कड त्यावर टेकत होती. पावसाळ्यात लाकूड फुगले की काच त्या टोकावर दाबली जायची आणि तिथूनच चीर सुटायची. पकडीने तो शेंडा उपटल्यानंतर बसवलेली काच अजून शाबूत आहे.

तुकड्यांकडे नीट पाहिले तर कारण बरेचदा दिसते. धक्का लागून फुटलेल्या काचेत सगळ्या चिरा एका बिंदूतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात. उष्णतेच्या ताणाने तडकलेल्या काचेत चीर कडेशी काटकोनात सुरू होते आणि मग वळणे घेत आत जाते. काचेचा मधला भाग उन्हात तापलेला आणि कड चौकटीत किंवा छज्जाच्या सावलीत थंड असेल, तर तापलेला भाग पसरू पाहतो आणि कडेवर ताण येतो. काचेवर गडद फिल्म चिकटवली तर काच अधिक ऊन शोषते आणि हा ताण वाढतो. कड कापताना कुठे टवका उडालेला असला की चीर तिथून निघते, म्हणून दुकानातून काच घेताना चारही कडांवरून नजर फिरवावी.

जुन्या इमारतींत आणि सरकारी वसाहतींत लोखंडी खिडक्या आहेत. तिथे खरा शत्रू गंज असतो. लोखंड गंजले की गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, खाचेत फुगतो आणि काचेला कडेने दाबून तडकवतो. अशा खिडकीत गंज खरवडून, रेड ऑक्साइड प्रायमर लावल्याशिवाय नवी काच बसवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी तारीख देण्यासारखे आहे. याखेरीज बिजागरी सैल होऊन झडप खाली टेकणे, आणि झडप उघडी धरून ठेवणारा हुक तुटल्यामुळे ती वाऱ्याने आपटणे, ही दोन साधी कारणेही तपासावीत. वीस-पंचवीस रुपयांचा हुक न लावल्यामुळे काच बदलावी लागलेली घरे मी पाहिली आहेत.

कोणती काच, किती माप

लाकडी झडपेतल्या लहान तावदानांना ४ मिलिमीटर जाडीची साधी काच पुरते, आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या शटरला साधारणपणे ५ मिलिमीटरची असते. जुना तुकडा बरोबर नेला की जाडीचा आणि रंगछटेचा प्रश्न दुकानातच सुटतो. काचेचे वजन आधीच काढून ठेवावे. १ चौरस मीटर काचेच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीला अडीच किलो वजन असते, म्हणजे ५ मिलिमीटरची ४ फूट बाय २ फूट काच सव्वानऊ किलोच्या आसपास भरते. एवढे वजन शिडीवर उभे राहून एकट्याने पेलण्याचे नव्हे.

खिडकी जमिनीलगत असेल, जिन्याच्या वळणावर असेल, किंवा गॅलरीचे काचेचे दार असेल, तर साधी काच पुन्हा लावू नये. टफन केलेली काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड केलेली असते. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे सुऱ्यांसारखे तुकडे न होता बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक थर असतो आणि फुटल्यावरही तुकडे त्याला धरून राहतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर आणि चोरीची भीती असलेल्या ठिकाणी मी तिला पसंती देईन. दोन्ही प्रकारांसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे आणि काचेच्या कोपऱ्यातला शिक्का पाहून घ्यावा. टफन केल्यानंतर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. मापात सुतभर चूक झाली तर ती काच वाया गेली.

न्हाणीघरासाठी दुधी किंवा पिनहेड (बारीक ठिपक्यांच्या उठावाची) काच घ्यावी आणि तिची गुळगुळीत बाजू पाणी उडणाऱ्या बाजूला ठेवावी. दुधी काचेची खरखरीत बाजू ओली झाली की ती पारदर्शक होते. हे बसवल्यानंतर कळले तर फार ओशाळवाणे होते.

आता माप. जुन्या काचेचे माप घेऊ नये, ज्या खाचेत काच बसणार तिचे घ्यावे, आणि तेही खाच पूर्ण साफ केल्यानंतर. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, उंचीही तशीच तीन ठिकाणी, आणि दोन्हींतले सर्वांत लहान माप धरावे. मग दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही, आणि फरक सुतापेक्षा जास्त असेल तर जाड पुठ्ठा खाचेत बसेल असा कापून तोच नमुना दुकानात द्यावा. मिळालेल्या मापातून रुंदीत एक सूत आणि उंचीत एक सूत कमी करावे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. काच सगळीकडून खाचेला चिकटून बसली तर लाकूड फुगल्यावर तिला सरकायला जागा उरत नाही. ॲल्युमिनियम तर उष्णतेने काचेच्या अडीचपट प्रसरण पावते, त्यामुळे धातूच्या चौकटीतही ही मोकळीक लागतेच. उदाहरणार्थ, खाच १४ इंच १ सूत बाय २० इंच १ सूत असेल तर काच १४ बाय २० इंच सांगावी. माप एकतर इंच-सुतात सांगावे किंवा मिलिमीटरमध्ये, दोन्हींची खिचडी करू नये. मोजपट्टीच्या टोकाचा धातूचा आकडा (हुक) किंचित हलतो म्हणून ती बिघडली असे समजून कोणी तो ठोकून घट्ट करतात. तो मुद्दाम तसा असतो, कारण आतले माप घेताना आणि बाहेरचे माप घेताना त्याच्या स्वतःच्या जाडीचा फरक त्या हलण्यातूनच भरून निघतो.

बिल पाहून चमकू नये. अनेक दुकानांत माप पुढच्या ३ किंवा ६ इंचांच्या पटीत धरून चौरस फूट काढतात, त्यामुळे १४ बाय २० इंचांची काच १५ बाय २१ इंचांची म्हणून मोजली जाते. उरलेली पट्टी आपलीच असते. काच कापून झाल्यावर कडा घासून द्यायला सांगावे आणि ती घरी आणताना उभी धरावी, आडवी नव्हे. आडवी काच स्वतःच्या वजनाने वाकून मोडते. स्कूटरवर मागे बसलेल्याच्या मांडीवर काच हे दृश्य नेहमीचे असले तरी रिक्षाचे भाडे त्यापेक्षा स्वस्त पडते.

लाकडी झडपेत काच बसवताना

हे काम तळमजल्यावर किंवा झडप उतरवून टेबलावर घेता आले तर घरच्या घरी होण्यासारखे आहे आणि मन लावून केले तर सुंदर होते. जुनी लांबी बोथट पटाशी व लहान हातोडीने थोडी थोडी उडवावी, लाकडात पटाशी घुसू देऊ नये. जुन्या घरांत ऑइल पेंटचे थर शिसेयुक्त असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये, तो ओला करून खरवडावा, तोंडाला मास्क बांधावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. खाच साफ झाल्यावर तिच्यावरून बोट न फिरवता जुना टूथब्रश फिरवावा आणि मघाशी सांगितलेल्या चुकेसारखे काही राहिले आहे का ते उजेडात पाहावे.

कोरड्या लाकडावर लांबी लावली तर लाकूड तिच्यातले तेल पिऊन टाकते आणि ती महिनाभरात भुगा होऊन गळते. म्हणून आधी खाचेला प्रायमरचा किंवा अळशीच्या तेलाचा एक हात द्यावा आणि तो वाळू द्यावा. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि अळशीचे तेल यांचे मळण. डब्यातली घेतली तरी ती पोळीच्या कणकेइतकी मऊ होईपर्यंत तळहातांवर मळावी लागते, आणि फार चिकटत असेल तर थोडी खडूची भुकटी घालावी. तिची करंगळीएवढी वळी करून खाचेत सगळीकडे अंगठ्याने दाबत न्यावी. हा खालचा थर पुष्कळ कारागीर गाळतात, कारण तो बाहेरून दिसत नाही. पाऊस मात्र नेमका तिथूनच आत येतो, आणि झडप आपटल्यावर काच खडखडते तीही तो नसल्यामुळेच.

तळाच्या खाचेत रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर रबराचे किंवा लाकडाचे दोन छोटे तुकडे ठेवावेत, म्हणजे काचेचा भार लाकडावर थेट येत नाही. काच आधी खालच्या कडेने टेकवून मग वर न्यावी आणि कडांवर, फक्त कडांवर, सावकाश दाबावी. मध्यभागी दाब दिला तर हातात तुकडे येतात. काचेमागून लांबीची बारीक कड सगळीकडे सारखी बाहेर आली की खालचा थर बसला असे समजावे. तिथे साधारण २ मिलिमीटर लांबी उरलेली असते. आता दर आठ-दहा इंचांवर बिनडोक्याच्या बारीक चुका लाकडात अर्ध्या ठोकाव्यात. हातोडी हवेत उचलायची नाही. तिची बाजू काचेला टेकवून तिच्यावरच घसरवत चुकेला टपली द्यायची, म्हणजे नेम चुकला तरी काचेवर घाव पडत नाही.

वरची लांबी लावताना सुरी तिरकी, साधारण ४५ अंशांत धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता ओढावी. पहिल्या दोन बाजू वेड्यावाकड्या होतात, तिसरी बरी होते आणि चौथी पाहून पहिल्या दोन पुन्हा कराव्याशा वाटतात. तसे जरूर करावे, लांबी ओली आहे तोवर सगळे सुधारता येते. लांबीची उतरण आतल्या बाजूने दिसणाऱ्या लाकडाच्या रेषेपेक्षा किंचित खालीच संपावी, एरवी घरातून काचेच्या कडेला पांढरी पट्टी दिसत राहते. लांबीऐवजी लाकडी बिडिंग पट्टी असेल तर पट्टी मधून वाकवून सोडवावी, सर्वांत लांब पट्टी आधी काढावी आणि प्रत्येकीवर जागा लिहून ठेवावी. त्या चारही सारख्या दिसतात आणि कधीच सारख्या नसतात.

सरकत्या खिडक्या

ॲल्युमिनियमच्या सरकत्या शटरमध्ये काच बदलायची तर शटर ट्रॅकमधून काढावे लागते. ते दोन माणसांनी, घराच्या आत उभे राहून, आधी काच चिकटपट्टीने बांधून घेऊन करावे: आतल्या ट्रॅकवरचे शटर आधी, दोघांनी ते वर उचलायचे, खालची बाजू आत ओढायची आणि खाली आणायचे. शटर जाड सतरंजीवर आडवे ठेवून कोपऱ्यांतले स्क्रू सोडवले की एक उभी पट्टी निघते आणि काच रबरासह बाहेर येते. इथे काच पट्टीच्या आत किती शिरते हे सेक्शनवर, म्हणजे ॲल्युमिनियम पट्टीच्या घडणीवर, अवलंबून असते, त्यामुळे शटर उघडल्यावरच अचूक माप मिळते. जुने रबर कडक झाले असेल तर नवेच घ्यावे आणि बसवताना ते ताणू नये. ताणलेले रबर काही दिवसांत आक्रसते आणि कोपऱ्यात फट पडून तिथून पाणी येते. कोपऱ्यांवर रबराला आतून छोटा छेद दिला की ते नीट वळते. शटर बाहेर असतानाच खालची बेअरिंग तपासावीत आणि ट्रॅकमधली पाणी बाहेर जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत.

सिलिकॉन लावायचे असेल तर ट्यूबवरचे वाचून घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला गंजवते आणि सिमेंटवर नीट धरत नाही. ॲल्युमिनियम व भिंत यांच्या सांध्यासाठी न्यूट्रल प्रकारचे मागावे. वरून सुकल्यासारखे दिसले तरी ते आत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीनेच पक्के होते.

न्हाणीघराच्या लूव्हर (आडव्या काचपट्ट्यांच्या) खिडकीत तर दोन्ही टोकांच्या चिमट्यांचे कान अलगद उघडून पट्टी सरकवली की झाले. तिच्या बाहेरच्या कडा घासलेल्या असाव्यात, एवढेच पाहावे.

बाहेरून पोहोचल्याशिवाय जमत नसेल, काच एका माणसाच्या उंचीपेक्षा मोठी असेल, किंवा दुसऱ्या मजल्यावर आणि त्याहून वर ग्रीलविना खिडकी असेल, तर हे काम घरच्यांचे नव्हे. काचवाला येईल तेव्हा त्यालाही खिडकीवर उभे राहू देऊ नये, आणि आपण वरील माहितीच्या आधारे दोनच गोष्टी विचाराव्यात: खालचा थर लावणार का, आणि काचेखाली रबर ठेवणार का.

लांबीने काच बसवल्यावर तिच्यावर तेलकट बोटे उमटलेली असतात. ती पाण्याने धुऊ नयेत. कोरड्या खडूची भुकटी मऊ ब्रशने फिरवली की ती तेल शोषून घेते आणि काच लख्ख होते. लांबीवर साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पावसाळ्यात अधिक. तोवर झडप हुकात अडकवून ठेवावी आणि आपटू देऊ नये. साय धरली की तिला रंग द्यावा आणि ब्रश काचेवर दीड-दोन मिलिमीटर चढू द्यावा. लांबी आणि काच यांच्यामधली फट बुजवणारी तीच रेघ असते. उरलेली लांबी घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावी आणि काचेचे माप, जाडी व तारीख झडपेच्या वरच्या कडेवर शिसपेन्सिलने लिहून ठेवावी; गल्लीतला खेळ संध्याकाळी पुन्हा सुरू होतोच.